आजोबांचे नाव नातवाला ठेवताना : एका घरातील सारख्या नावांचा गुंता

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या घरी आषाढात मुलगा झाला आहे. सासरे सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांचे नाव वामन. यजमानांचे नाव श्रीधर. नातवाचे नाव वामनच ठेवावे अशी सासूबाईंची इच्छा आहे. अडचण अशी की अमेरिकेत असलेल्या थोरल्या दिरांनीही आपल्या मुलाचे नाव आजोबांवरून वामन ठेवले आहे. आडनाव कुलकर्णी. एका घरात एका नावाची तीन माणसे झाली तर पुढे कागदपत्रांत घोटाळा होईल का, की ही भीती उगाच आहे, असे ताई विचारतात. शिवाय कुलकर्णी पावलोपावली भेटतात, तर मुलाला गावावरून पडलेले जुने आडनाव लावावे का, असाही त्यांचा प्रश्न आहे. (व्यक्तींची नावे मी बदलली आहेत, नात्यांचा सांगाडा तोच ठेवला आहे.)

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कामात ३१ वर्षे घालवली आणि निवृत्तीनंतर लोकांच्या वंशावळी जुळवून देतो. त्या सवयीने मी ताईंना आधी एकच उलट प्रश्न विचारला : आजोबांच्या वडिलांचे नाव काय होते? उत्तर आले, श्रीधर. सगळी गोम तिथेच आहे.

आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. ही पद्धत माणसे ओळखण्यासाठी फार चांगली आहे, कारण गावात पाच वामन असले तरी पाचही जणांच्या वडिलांचे नाव एक असण्याची शक्यता थोडी. मात्र आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल ज्या घरात तीन-चार पिढ्या चालते, तिथे हीच पद्धत उलटते. पणजोबा श्रीधर, आजोबा वामन श्रीधर, वडील श्रीधर वामन आणि आता बाळ पुन्हा वामन श्रीधर. आडनाव तर एकच. म्हणजे आजोबा आणि नातू यांच्या नावात एका अक्षराचाही फरक राहत नाही. नुसते ‘आजोबांचे नाव’ ठेवल्याने हे होत नाही. वडिलांना त्यांच्या आजोबांचे नाव आधीच मिळालेले असेल, तरच होते. म्हणून पणजोबांचे नाव विचारल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर कोणी देऊ नये.

यातून काय घडते, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ ‘नारायण विठ्ठल’ यांच्या मृत्यूचा उतारा मागायला आले. मी नोंदवही काढली, नाव पाहिले, वडिलांचे नाव पाहिले, आडनाव आणि गाव पाहिले आणि उतारा लिहून दिला. त्या घरात नारायण विठ्ठल दोन होऊन गेले होते, आजोबा आणि नातू, आणि दोघेही वारले होते. मी दिला तो आजोबांचा उतारा. गृहस्थांना हवा होता तो तरुणपणी गेलेल्या नातवाचा, म्हणजे त्यांच्या भावाचा. दोन्ही नोंदींत फरक होता तो फक्त तारखेचा आणि वयाच्या रकान्याचा : एकात ७१, दुसऱ्यात ३४. तलाठ्याकडे वारसाची नोंद व्हायची होती. चुकीच्या उताऱ्यावर अर्ज गेला, हरकत निघाली, आणि भावजयीचे नाव सातबाऱ्यावर चढायला आठ महिने लागले. त्या बाईंनी मला एक शब्दही सुनावला नाही, आणि तेच अधिक लागले. तेव्हापासून मी वयाचा रकाना आधी पाहतो आणि नाव नंतर.

जुन्या लोकांना हा गुंता माहीत नव्हता असे नाही. पेशव्यांचे घराणे पाहा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांच्या थोरल्या मुलाचे मूळ नाव विसाजी, आणि विसाजी हे विश्वनाथाचेच रूढ रूप मानतात; म्हणजे आजोबांचे नाव नातवाला. पुढे विसाजींच्या थोरल्या मुलाचे नाव पुन्हा बाळाजी, हेही आजोबांचे. विसाजी याच नावाने ते कागदोपत्री वावरले असते, तर पहिले आणि तिसरे असे दोघेही पेशवे ‘बाळाजी विश्वनाथ’ झाले असते आणि दप्तरे चाळणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असता. ते बाजीराव म्हणून ओळखले गेले, म्हणून तिसरे पेशवे ‘बाळाजी बाजीराव’ झाले, आणि घरात व लोकांत नानासाहेब. याच घराण्यात पुढे माधवराव दोन झाले : एक माधवराव बल्लाळ, दुसरे १७७४ साली जन्मलेले माधवराव नारायण. इथे वडिलांची नावे वेगळी असल्याने कागदाचे काम अडले नाही. बोलताना मात्र लोकांना ‘सवाई’ हा शब्द जोडावाच लागला.

ताईंच्या दिरांच्या मुलाचा जो प्रश्न आहे, त्याचे उदाहरण भोसल्यांच्या घरात आहे. शिवाजी महाराजांच्या दोन मुलांनी, संभाजी महाराजांनी आणि राजाराम महाराजांनी, आपापल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवले. दोन सख्खे चुलतभाऊ, दोघांनाही आजोबांचे नाव. त्यांपैकी संभाजी महाराजांचे चिरंजीव शाहू या नावाने ओळखले गेले, म्हणून आज शाळेतल्या मुलाचाही गोंधळ होत नाही. ताराबाईंचे चिरंजीव तेवढे शिवाजी राहिले. चुलतभावांना एक नाव असणे ही तुलनेने हलकी अडचण आहे, कारण वडिलांचे नाव लिहिले की दोघे वेगळे होतात. ताईंच्या बाबतीत एक वामन श्रीधर होईल, दुसरा वामन आणि पुढे दिरांचे नाव. भारतात एवढे पुरते. परदेशात मात्र वडिलांचे नाव ‘मधले नाव’ म्हणून जाते, त्याचे एक आद्याक्षर उरते आणि पुष्कळदा तेही गळते. मग दोन चुलतभाऊ नुसते ‘वामन कुलकर्णी’ होतात. पुढे धाकटाही शिकायला तिकडे गेला, तर एका आडनावाची आणि एका नावाची दोन मुले एका पत्त्यावर राहतील. मला हे फार मोठे संकट वाटत नाही. जन्मतारखा वेगळ्या आहेत. पण टपाल उघडताना रोजची कटकट होईल हे नक्की.

ज्या घरांत अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांनी त्यावर उपायही काढले होते, आणि त्या उपायांतूनच नवे घोटाळे झाले. सुनेने सासऱ्यांचे नाव घ्यायचे नाही हा दंडक होता. मग पोटच्या मुलाला सासऱ्यांचेच नाव असेल तर त्याला हाक कशी मारायची? म्हणून त्या मुलाला बाळ, नाना, अण्णा, बापू असे काहीतरी म्हणत. हाक मारायचे नाव एवढे पक्के होई की मास्तरांनी शाळेत तेच लिहावे, शाळेच्या दाखल्यावरून ते नोकरीत जावे, आणि जमिनीच्या कागदावर मात्र बारशाचे नाव राहावे. ‘नारायण ऊर्फ नाना’ यातला ऊर्फ हा शब्द ज्याने कधीकाळी लिहून ठेवला, त्याचे उपकार मानावेत; तो नसला की ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन नातवंडे हिंडत राहतात. माझ्याकडे वंशावळीसाठी येणाऱ्या लोकांचा बराचसा वेळ यातच जातो. फोटोवर नाव ‘अण्णा’, देवघरातल्या पोथीवर ‘विष्णु’ आणि फेरफारात ‘बाळकृष्ण’, माणूस एकच. उलट गावाकडच्या फेरफारात एकाच नावाचे दोन खातेदार असले तर कुठे ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ असे लिहिलेले सापडते. त्या त्या वेळी ते स्पष्टच असते, पण दोघेही गेल्यावर थोरला कोण होता हे सांगायला कोणी उरत नाही.

बायकांच्या नावांचा गुंता याहून अवघड आहे, आणि वंशावळीत त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले असते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची जी चाल होती, तिच्यामागे हौस होती, सत्ता गाजवणे होते, तसे एक साधे कारणही होते : सासूचे किंवा जावेचे नाव तेच निघाले तर एका घरात दोन लक्ष्मी कशा चालतील. त्यामुळे एकाच बाईची दोन पूर्ण नावे होत, आणि माहेरच्या मिळकतीत तिचा हक्क शोधायला गेले की सासरच्या नावाने काहीच सापडत नसे. कायद्याने नाव बदलण्याची सक्ती कधीच नव्हती. नातीला आजीचे नाव ठेवणाऱ्यांना मी म्हणून विचारतो की आजीचे कोणते नाव, माहेरचे की सासरचे. पुष्कळ घरांत आजीचे माहेरचे नाव त्या क्षणी पहिल्यांदा उच्चारले जाते. ते नाव नातीला ठेवावे असे माझे मत आहे. कागदोपत्री ते मोकळे असते, त्याच्याशी कशाचीही टक्कर होत नाही.

आता कायद्याकडे वळतो. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शाळेच्या आणि महसुलाच्या कागदपत्रांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. आईला मान मिळाला ही मोठी गोष्ट झालीच, पण माझ्यासारख्या नोंदी चाळणाऱ्याला त्यात दुसराच फायदा दिसतो. आजोबा-नातवाच्या नावांची जी साखळी मी वर सांगितली, ती या एका पदाने तुटते. आजोबा ‘वामन श्रीधर’ राहतील आणि नातू ‘वामन’, मग आईचे नाव, मग ‘श्रीधर’ असा होईल. पण एवढ्यावर विसंबून राहू नये. आधार आणि पारपत्र ही केंद्राची कागदपत्रे आहेत आणि त्यांचे रकाने वेगळे आहेत. पारपत्रात नावाचा आणि आडनावाचा असे दोनच मुख्य रकाने असतात आणि आई-वडिलांची नावे शेवटच्या पानावर जातात. शिवाय चार पदांचे नाव ज्या फॉर्मवर मावत नाही, तिथे लिहिणारा पहिला फाटा देतो तो मधल्या पदालाच. म्हणून ओळखीचे सर्व ओझे दुसऱ्या-तिसऱ्या पदावर टाकू नये. पहिल्या नावानेही थोडे उचलावे.

नोंदणीबाबत ताईंनी घाई करू नये. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती दवाखाना देतो. त्या वेळी बाळाचे नाव ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. नावाचा रकाना कोरा ठेवून जन्म नोंदवता येतो. पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून दाखल करता येते. लोक मात्र प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी, वॉर्डातल्या खाटेशी उभे राहून, आयाबाईने पुढे केलेल्या कागदावर जे सुचेल ते लिहून देतात आणि बारशाला दुसरेच नाव ठेवतात. एकदा नाव चढले की नवे नाव घालणे ही ‘दुरुस्ती’ ठरत नाही. दुरुस्ती म्हणजे लिहिण्यातली चूक सुधारणे. मन बदलले म्हणून नोंद बदलत नाही. हे आता अधिक महत्त्वाचे झाले आहे, कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली बदल झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. पूर्वी शाळेचा दाखला सांभाळून घेत असे. आता जन्मदाखल्यावर जे नाव असेल, ते मुलाला जन्मभर पुरते.

आडनावाविषयी माझे मत कदाचित रुचणार नाही. कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे ही मुळात हुद्द्यांची नावे आहेत. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली, पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने गेले, पण हुद्दा गेला तरी आडनाव राहिले. त्यामुळे जातीने, गोत्राने, गावाने एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली हजारो घराणी आज एकाच आडनावाने वावरतात. पुष्कळ कुलकर्ण्यांच्या घरी ‘आमचे खरे आडनाव अमुककर’ असे सांगतात, आणि ते खरेही असते. पण म्हणून एकट्या बाळाला ते आडनाव लावू नये. वडिलांचे एक आणि मुलाचे एक आडनाव झाले की शाळेत, बँकेत, विमानतळावर प्रत्येक ठिकाणी नाते सिद्ध करत बसावे लागेल. लावायचे तर वडिलांनी आधी स्वतःचे आडनाव राजपत्रात प्रसिद्ध करून बदलावे, आपली कागदपत्रे सुधारावीत आणि मग मुलाचे नोंदवावे. तेवढी तयारी नसेल तर विषय सोडून द्यावा. माझा साधा हिशेब असा आहे की आडनाव दुर्मीळ असेल तर नाव कितीही चालते असले तरी हरकत नाही. आडनाव कुलकर्णी असेल तर नाव थोडे कमी वापरातले घ्यावे. आमच्या पिढीत एका वर्गात चार संजय आणि तीन सुनील असत, आता तितकेच आरव आणि अथर्व असतात.

आता प्रत्यक्ष नावाकडे येतो. सासूबाईंचा आग्रह मोडावा असे मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या शास्त्रात नामकरणाला एकच नाव ठेवत नाहीत. कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे अशी चार नावे सांगितली आहेत, आणि कागदावर जाते ते फक्त चौथे. (नक्षत्रनाम कागदावर जात नाही हेही बरेच आहे, आर्द्रा नक्षत्राची चार अक्षरे कु, घ, ङ, छ अशी आहेत, आणि ‘ङ’वरून नाव आजवर कोणी ठेवल्याचे मी नोंदवहीत पाहिलेले नाही.) मासनामांचे क्रम एकाहून अधिक आहेत, पण मार्गशीर्षाचा केशव धरून मोजत गेले तर आषाढाचा वामन येतो आणि श्रावणाचा श्रीधर. बाळ आषाढातले आहे. गुरुजींना हा क्रम घ्यायला सांगितले तर वामन हे नाव बाळाला मासनाम म्हणून आपोआपच मिळते, आजोबांचे म्हणून वेगळे मागावे लागत नाही. आत्याने कानात ‘कुर्रर्र’ करून ते सांगावे, ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहावे, आजीने जन्मभर त्याच नावाने हाक मारावी. पूर्वी सुनेची अडचण होती. आता ताई सासऱ्यांचे नाव खुशाल घेऊ शकतात.

व्यवहाराचे नाव मात्र वेगळे घ्यावे, आणि ते आजोबांच्याच नावाचे दुसरे रूप असू शकते. संध्येत म्हणतात त्या विष्णूच्या चोवीस नावांत वामनाच्या लगेच आधी त्रिविक्रम येतो. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन तोच. त्याच चोवीस नावांत पुढे उपेंद्र आहे, इंद्राचा धाकटा भाऊ, म्हणजे पुन्हा वामनच. ‘त्रिविक्रम श्रीधर’ किंवा ‘उपेंद्र श्रीधर’ हे नाव घरात दुसऱ्या कोणाचे नाही, अमेरिकेतल्या चुलतभावाशी त्याची टक्कर नाही, आणि आजोबांचे नाव त्याच्या पोटात आहे. मला विचाराल तर उपेंद्र घ्यावे; जोडाक्षर एकच, आणि परक्या माणसालाही उच्चारता येते.

सासूबाईंनी हे ऐकूनही ‘वामन’च हवे म्हटले, तर तेही चालवून घेता येईल, फक्त दोन कामे करावीत. सासऱ्यांच्या नावाची जी मिळकत, बँकखाती आणि ठेवी अजून त्यांच्याच नावावर असतील, त्यांची वारसनोंद बाळाचे नाव दाखल करण्यापूर्वी पूर्ण करून घ्यावी. मृत आजोबा आणि हयात नातू एका नावाने एका सातबाऱ्यावर येण्याची वेळ येऊ देऊ नये. आणि घरातील कागदांच्या फायलीत एक पान असे ठेवावे ज्यावर पणजोबांपासून बाळापर्यंत प्रत्येकाचे पूर्ण नाव, घरात हाक मारायचे नाव, जन्मतारीख आणि गेलेल्यांची मृत्युतारीख असेल.

नाव कोणतेही ठरो, नोंदणी कार्यालयात जाताना ते देवनागरीत आणि इंग्रजीत स्वच्छ अक्षरांत लिहून न्यावे आणि टंकलेखकाच्या पडद्यावर स्वतः वाचून पाहावे. मराठीत आर्य आणि आर्या ही मुलाची आणि मुलीची दोन वेगळी नावे आहेत, पण इंग्रजीत लिहिली की दोन्ही एकच होतात. वामन लिहिताना पहिल्या अक्षराला व्ही घालायचा की डब्ल्यू, हे दिरांकडे एकदा विचारून घ्यावे. त्यांनी मुलाचे जसे लिहिले असेल, त्याहून वेगळे लिहावे. चुलतभावांत तेवढाच एक फरक पडेल.